ऑगस्टमध्ये पहिली लाइव्हअबोर्ड, कुठे जावं? (२८ डाइव्ह, बोट लागते, मान्टा बघायचाय)

निळाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारूनच टाकते. मला आणि नवऱ्याला पहिल्यांदाच लाइव्हअबोर्डवर जायचंय, म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहायचं, सकाळी उठलं की सरळ पाण्यात, दिवसाला तीन-चार डाइव्ह, आणि मध्ये फक्त खाणं नि झोपणं. सुट्टी दोघांना एकत्र मिळते ती फक्त ऑगस्टमध्ये, त्यात काही बदल होणार नाही.

माझ्या २८ डाइव्ह झाल्यात, त्याच्या ४१. दोघंही अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर आहोत पण नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेवर डाइव्ह करायचा कोर्स) केलेलं नाही. करंटमध्ये, म्हणजे पाण्याच्या ओढीत, म्हणाल तर दोन-तीन हलक्या ड्रिफ्ट डाइव्ह (ओढीबरोबर वाहत जायचं), बस. आणि मला बोट लागते, लहान बोटीत तर हमखास.

इंडोनेशियातल्या राजा आम्पातचे फोटो बघून बघून मी पार वेडी झालेय, पण यादीत थायलंडचं सिमिलन, फिलिपिन्सचं टुब्बाताहा, मालदीव, इंडोनेशियातलंच कोमोडो सगळंच येऊन बसलंय आणि जितकं वाचते तितका गोंधळ वाढतोय. एकच इच्छा पक्की आहे, मान्टा (पंखांसारखे कल्ले असलेला मोठ्ठा रे मासा) बघायचाय, जवळून आणि घाई न करता. काय करावं?

दर्यावर्दी

निळाई, यादी लांब वाटतेय पण ऑगस्ट म्हटल्यावर ती आपोआप छोटी होते. लोक आधी मासे निवडतात, मग जागा आणि शेवटी महिना बघतात, माझ्या मते हे अगदी उलटं करायला हवं. आधी महिना, मग तुम्हाला झेपेल असं पाणी, आणि मग मासे. मासे सगळीकडेच भरपूर आहेत हो.

सिमिलन गेलं. थायलंडचं ते राष्ट्रीय उद्यान साधारण मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत बंदच असतं. टुब्बाताहा पण गेलं, ते सुलू समुद्राच्या मधोमध उघड्यावर आहे, मार्च मध्य ते जून मध्य एवढ्याच काळात बोटी जातात. राजा आम्पातचं सांगताना मलाच वाईट वाटतंय, पण तिथला हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून वारा सुटलेला असतो, तिथल्या दक्षिणेकडच्या मिसूल बेटाच्या बाजूला समुद्र खवळलेला असतो, आणि बऱ्याच बोटी तोवर कोमोडोकडे निघून गेलेल्या असतात. राजा आम्पातमधल्या ज्या केप क्रीला एका डाइव्हमध्ये ३७४ जातींचे मासे मोजले गेले तिथे बोट लागून केबिनमध्ये पडून राहायचं, हे तुम्ही स्वतःवर ओढवून घेऊ नका. राजा आम्पात पुढच्या कधीतरी हिवाळ्यासाठी जपून ठेवा.

उरले मालदीव आणि कोमोडो. मान्टा दोन्हीकडे आहेत. मी स्वतः कोमोडो म्हणेन, कोरडा हंगाम ऐन भरात असतो आणि रात्री बोट बहुतेक वेळा बेटांच्या आडोशाला उभी असते त्यामुळे झोप लागते.

प्रवाळवेडी

दर्यावर्दींचं महिन्याचं गणित एकदम मान्य, पण २८ डाइव्हवर कोमोडो असं सरळ सांगून टाकू नका हो!! मी साधारण तेवढ्याच अनुभवावर गेले होते म्हणून कळकळीने लिहितेय.

कोमोडो म्हणजे एका बाजूला फ्लोरेस समुद्र आणि दुसऱ्या बाजूला हिंदी महासागर, मध्ये बेटांच्या अरुंद फटी, आणि भरती-ओहोटीला ते सगळं पाणी त्या फटींतून धावतं. बातू बोलोंग नावाचा एक छोटासा खडक आहे, वर बघाल तर काहीच नाही, खाली मात्र इतकं प्रवाळ आणि इतके मासे की डोळ्यात मावत नाहीत. पण तिथे आडोशाच्या बाजूलाच राहायचं असतं. मी फोटोच्या नादात कडेपर्यंत गेले आणि पाण्याने मला खाली ओढायला सुरुवात केली, माझे बुडबुडे वर जायच्या ऐवजी माझ्याबरोबर खाली येताना दिसले तेव्हा कळलं काय चाललंय ते. १८ मीटरवरून २७ वर कधी गेले कळलंसुद्धा नाही. गाइडने हात धरून भिंतीपासून आडवं बाहेर काढलं म्हणून निभावलं. बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटमध्ये) थोडी हवा भरली, आणि वर यायला लागल्याबरोबर ती सोडायची हे तो खुणेने पुन्हा पुन्हा सांगत होता, कारण ओढ सुटली की तीच हवा तुम्हाला वेगाने वर फेकते.

आणि दक्षिण कोमोडोचं पाणी ऑगस्टमध्ये गार असतं, खोलातलं पाणी वर येतं तिथे. २०-२४ अंशांत दिवसाला चार डाइव्ह केल्या की तिसऱ्या दिवशी माणूस थकून जातो. उत्तरेला आणि मध्ये त्यामानाने उबदार, २६-२८.

जायचंच तर फक्त उत्तर-मध्य असा मार्ग असलेली बोट बघा.

निळाई

बापरे, वाचूनच पोटात गोळा आला. मग मालदीव सोपं पडेल का? तिथे तर सगळं शांत निळं पाणीच दिसतं फोटोंत.

खोलपाणी

ते फोटो जानेवारी-फेब्रुवारीचे असतात ताई. ऑगस्टमध्ये तिथे नैऋत्य मोसमी वारे असतात. पाऊस, ढग, आणि एका अ‍ॅटॉलमधून (प्रवाळबेटांचं कडं) दुसऱ्यात जाताना मधला उघडा समुद्र चांगलाच हलवतो. अ‍ॅटॉलच्या आत आलात की बरं. बोट लागणाऱ्या माणसाने हा विचार आधी करावा.

पण मान्टासाठी म्हणाल तर हाच काळ उत्तम, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. या दिवसांत समुद्राचं पाणी पश्चिमेकडून अ‍ॅटॉलमध्ये शिरतं आणि पूर्वेकडून बाहेर पडतं, सोबत प्लँक्टन घेऊन. म्हणून मान्टा पूर्वेच्या कडेला गोळा होतात आणि पाणीही त्याच बाजूला जरा गढूळ असतं. म्हणजे मान्टा हवेत आणि व्हिजिबिलिटी पण ३० मीटर हवी, असं दोन्ही एका जागी सहसा मिळत नाही. बा अ‍ॅटॉलमधली हनिफारू खाडी याच दिवसांत भरते. तिथे टँक घेऊन उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल. बंदी आहे ते बरंच आहे, एवढ्याशा खाडीत सगळ्यांचे बुडबुडे झाले असते तर ते प्राणी आलेच नसते.

आणि करंट तिथेही आहे हं, गैरसमज नको. कंडू म्हणजे अ‍ॅटॉलच्या कडेतली खिंड, तिथून पाणी आत येताना शार्क तोंडाशी उभे असतात आणि तुम्ही रीफ हुक (खडकात अडकवायचा दोरीचा आकडा) लावून लटकत बघायचं. हुक मेलेल्या खडकालाच लावायचा, जिवंत प्रवाळाला नाही, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. एक सोय मात्र मोठी, डाइव्हचं सगळं सामान नि कंप्रेसर वेगळ्या धोणीवर (छोट्या बोटीवर) असतो, त्यामुळे मुख्य बोटीवर आवाज आणि ओल कमी.

तांडेल

जागेवर बरीच चर्चा झाली, मी बोटीबद्दल लिहितो कारण हे कोणी विचारत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाची डाइव्ह बोट रात्री जळाली, खाली झोपलेले ३४ जण गेले. रात्री जागं राहून फेऱ्या मारणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी तीन प्रश्न लेखी विचारतो : रात्री पहाऱ्याला माणूस असतो का, खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का आणि ती कुठे उघडते, आणि कॅमेरा-टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. उत्तर टाळलं तर ती बोट सोडायची, मग फोटो कितीही सुंदर असोत. बोटीवर पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी ती दुसरी वाट स्वतः चढून बघा, अंधारात हाताला काय लागतं ते कळायला पाहिजे.

आणखी एक. एका गाइडमागे चारच जण असतील तर उत्तम. सगळ्यांना अनुभवाप्रमाणे वेगळ्या गटात टाकतात का हेही विचारा, नाहीतर ३०० डाइव्हवाल्यांच्या मागे फरफट होते.

दर्यावर्दी

प्रवाळवेडींनी लिहिलंय ते खरंय, मी जरा पटकनच सांगून मोकळा झालो. यात एक भर घालतो, तारीख निवडताना पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाण्याला जोर जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची, तेव्हा कोमोडोत सुद्धा पाणी पुष्कळ नरम असतं. ऑगस्टमधला जो आठवडा अष्टमीभोवती येतो तो धरा. करंट कारांग मकासर या कोमोडोतल्या मान्टांच्या जागीही असतोच, पण तिथला तळ उथळ आहे, १०-१५ मीटरवर आडवं वाहत जायचं आणि मान्टा दिसला की तळाशी थांबायचं, पाठलाग करायचा नाही. खाली ओढणारी भिंत तिथे नाही. तुमच्यासाठी मान्टा तिथेच.

नायट्रॉक्स मात्र आधी करून घ्या. ३२ टक्के ऑक्सिजनवर खोलीची मर्यादा ३३ मीटरच्या आसपास येते, तुम्हाला त्याहून खाली जायचंच नाहीये, आणि चार-चार डाइव्हच्या दिवसांत नायट्रोजन कमी साठतो.

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री नवऱ्याला पूर्ण वाचून दाखवलं. ठरलं ते असं : कोमोडो, फक्त उत्तर-मध्य मार्ग, अष्टमीभोवतीचा आठवडा. बोटीवर चढायच्या आधी लाबुआन बाजोला तीन दिवस राहून रोजच्या बोटीने सोप्या जागांवर करंटचा सराव करणार, आणि तिथल्या गाइडला वाटलं की मला बातू बोलोंग झेपणार नाही तर मी त्या डाइव्हला बोटीवरच बसेन, याचं मला काही वाटणार नाही. नायट्रॉक्सच्या कोर्सचं नाव आजच घातलं. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण २४ तासांनी ठेवतेय.

तांडेल, तुमचे तिन्ही प्रश्न चार बोटींना पाठवले. दोघांची उत्तरं आली, एकाने तर दुसऱ्या वाटेचा फोटोच पाठवलाय. तीच बोट घेतोय बहुतेक.

प्रवाळवेडी, एक विचारायचं राहिलं. उत्तरेसाठी ३ मिलिमीटरचा सूट चालेल की ५ चा घेऊ? मला थंडी लवकर वाजते.

प्रवाळवेडी

५ चाच घ्या, आणि हूड पण. शेवटच्या दोन दिवसांत तुम्हाला त्याची किंमत कळेल. आणि नवा सूट जास्त तरंगतो, म्हणून पहिल्या चेक डाइव्हला वजन नीट तपासून घ्या, टँक रिकामा होत आल्यावर ५ मीटरवर सेफ्टी स्टॉप (वर येताना थोडा वेळ थांबणं) धरता येतोय का ते बघा. करंटमध्ये तिथेच लोक निसटून वर जातात.