'होम'मधले परग्रहवासी गोड आहेत म्हणून त्यांचे आक्रमण माफ होते का?

चर्चाप्रस्ताव:
ड्रीमवर्क्सचा २०१५ सालचा 'होम' हा ॲनिमेशनपट मैत्रीची गोष्ट म्हणून लहान मुलांना कौतुकाने दाखवला जातो. गॉर्ग नावाच्या शत्रूपासून पळत सुटलेले बूव्ह हे परग्रहवासी पृथ्वी ताब्यात घेतात आणि माणसांना उचलून ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीत नेऊन सोडतात. मागे राहून गेलेली टिप ही मुलगी मग ओ नावाच्या, स्वतःच्याच लोकांना नकोशा झालेल्या बूव्हसोबत आईच्या शोधात निघते. माझा आक्षेप असा की, हे सक्तीचे विस्थापन जत्रेसारखे रंगीबेरंगी दिसते आणि ते करणारे गुबगुबीत, वेडेवाकडे बोलणारे असल्यामुळे त्यांच्या कृत्याचे गांभीर्य मुलांपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय जिची आई हिरावली गेली, तिनेच आक्रमकाला मैत्री शिकवायची, हा भार तिच्यावर का?

ऑस्ट्रेलियाची निवडही खटकते. 'ही भूमी कोणाचीच नव्हती' या गृहीतकावर तिथल्या मूळ रहिवाशांचे जमिनीवरचे हक्क दोन शतके नाकारले गेले, आणि ते गृहीतक तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने माबो खटल्यात १९९२ मध्ये फेटाळले. चित्रपटाला मात्र तो खंड म्हणजे साऱ्या जगाला नेऊन ठेवण्याजोगी मोकळी जागा वाटते.

प्रतिसाद १:
ऑस्ट्रेलियाचा मुद्दा रास्त आहे, बाकीच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. आपण माणसांवर उपकारच करत आहोत अशी बूव्हची प्रामाणिक समजूत आहे, आणि परक्या भूमीवर राज्य करायला गेलेल्यांनी इतिहासात स्वतःची हीच समजूत घालून घेतली होती. उग्र, दातवाले राक्षस दाखवले असते तर ही गोष्ट मुलांना कधीच कळली नसती. बूव्हचा नेता कॅप्टन स्मेक प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात दंडुका हाणून त्याला गप्प करतो, तेव्हा मुले हसतात हे खरे, पण सत्ता कशी चालते हे त्यांना तिथेच दिसते.

प्रतिनिधित्वाबद्दल तर आपण काहीच लिहिले नाही. २००९ मध्ये डिस्नेने टियाना ही आपली पहिली कृष्णवर्णीय राजकन्या आणली आणि अर्ध्याहून अधिक चित्रपटभर तिला बेडूक करून ठेवले. टिप पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत माणूसच राहते. बार्बाडोसहून आलेली, दाट कुरळ्या केसांची ही मुलगी स्वतः गाडी चालवते, चिडते, रडते, आणि तिचा वर्ण ही सोडवायची समस्या म्हणून कुठेही मांडला जात नाही.

चर्चाप्रस्तावक:
टिपचे चित्रण मलाही मनापासून आवडते, आणि म्हणूनच माझी तक्रार अधिक तीव्र आहे. खोटे बोलताना ओचे अंग हिरवे पडते. म्हणजे त्याची प्रत्येक भावना प्रेक्षकाला त्याच्या कातडीवर वाचता येते, आणि साहजिकच सहानुभूतीचा ओघ त्याच्याकडे वळतो. स्थलांतरित मुलीचे शाळेतले एकटेपण मात्र दोन-चार वाक्यांत आटोपते.

प्रतिसाद २:
दोघांनीही गॉर्गला विसरू नये. ज्याच्या भीतीने बूव्ह ग्रहामागून ग्रह सोडत पळाले, तो मुळात शत्रू नसतोच. स्मेकने उचलून आणून दंडुक्यावर मिरवलेल्या दगडात त्याची पुढची पिढी असते, आणि तो केवळ आपली पिल्ले मागत असतो. ओ जीव धोक्यात घालून तो दगड परत करतो. मुलांच्या चित्रपटात 'चूक झाली' एवढे म्हणून न थांबता घेतलेली वस्तू प्रत्यक्ष परत केलेली दिसते, हे मला फार मोलाचे वाटते.

चर्चाप्रस्तावक:
प्रसंग उत्तम आहे, यात वाद नाही. पण गॉर्गला त्याची पिल्ले परत मिळतात त्यासाठी चित्रपट अख्खा उत्कर्षबिंदू खर्च करतो, आणि माणसांना त्यांची घरे परत मिळणे त्या मानाने ओझरते उरकतो. वसाहतीत नेऊन टाकलेल्या असंख्य माणसांपैकी टिपच्या आईखेरीज एकाचीही कहाणी आपल्याला कळत नाही.