म्हापशात विकायला असलेलं टायबेरियसचं नाणं: अस्सल की ओतीव?

रूपेरी_१८:
म्हापशात एका विक्रेत्याकडे चांदीचं रोमन नाणं आहे. वजन ३.७१ ग्रॅम, व्यास १८ मिमी. पुढे पानांचा मुकुट घातलेलं डोकं. मागे बसलेली बाई, एका हातात दंड, दुसऱ्यात डहाळी. राजाच्या गालावर छिन्नीचा घाव. त्यासाठी किंमत पाडून मागावी का? आणि बाई कोण?

टाकसाळी:
रोमन सम्राट टायबेरियसचं (इ.स. १४–३७) देनारियस, म्हणजे रोमनांचं चांदीचं नाणं, दिसतंय. वजन त्या काळाला जुळतं, इ.स. ६४मध्ये नीरोने वजन उतरवलं, त्यानंतरची ३.४ ग्रॅमच्या आसपास असतात. घावाने बिचकू नका. भारतातल्या साठ्यांत असे घाव बरेच मिळतात. भिंगाने घावाचा तळ बघा. वरच्यासारखाच काळवंडला असेल तर घाव जुना, लख्ख असेल तर कालपरवाचा. आत तांबूस दिसलं तर तांब्यावर चांदीचा पत्रा. तसली खोटी रोमन काळातही पाडत. कडेला शिवण किंवा कानशीच्या रेघा असतील तर ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेलं नकली, नाद सोडा.

घनता_बघा:
०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. पाण्याची वाटी ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकवू नका. काट्यावर ०.३६ ग्रॅमच्या आसपास आलं तर घनता (३.७१ भागिले ०.३६) १०.३, म्हणजे चांगली चांदी. ०.४१ आलं तर ९, मग तांब्याचा संशय घ्या. नाण्याला बुडबुडे चिकटले तर अस्सलचीही घनता कमी भरते; पाण्यात साबणाचा थेंब टाका.

डिचोलीचा_वाचक:
बाईचं नाव नाण्यावर नाही, तीच तर गंमत. तिच्याभोवती टायबेरियसचंच ‘सर्वोच्च पुरोहित’ हे पद कोरलंय. बरेच जण तिला शांतिदेवीच्या रूपातली त्याची आई लिव्हिया मानतात. पुढच्या बाजूला तो ‘दैवत झालेल्या ऑगस्टसचा मुलगा’. होता दत्तक, म्हणून तर ते नातं इतकं ठासून सांगायचं. ऑगस्टस हा त्याच्या आधीचा सम्राट. त्याने गायस आणि ल्युसियस हे आपले वारस ढाली-भाल्यांसह नाण्यावर आणले होते, पण इ.स. ४पर्यंत दोघेही वारले. टायबेरियसने देनारियसवर वारसांची जाहिरात टाळून हाच एक छाप जवळजवळ कारकीर्दभर चालवला.

टाकसाळी:
घेतलंत तर सोलांनी घासू नका, आंबटाने वरचा थर जातो. पीव्हीसीचं पाकीटही नको, आपल्या दमट हवेत हिरवा चिकटा धरतो. पुरावस्तू विकायला परवाना लागतो. तो आधी मागा, पावती घ्या. शंभर वर्षांवरचं नाणं परदेशात नेता येत नाही, लिस्बनच्या नातेवाइकालाही पाठवू नका.