फौजेत असताना पहिली जागा घेताना : जाणकारांनी लिहा

महाराष्ट्रातल्या सैनिकाची जागा एकीकडे, पोस्टिंग दुसरीकडे. पहिला प्लॉट किंवा फ्लॅट घेताना सुट्टीत काय तपासावं, फसगत कुठे होते, ते नेमकं लिहा.

निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

सुरुवात सातबाऱ्यापासून. महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत युनिटमध्ये बसून निघतो. मालकाचं नाव सगळेच वाचतात. खरं बघायचं ते उताऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क तिथेच सापडतात. मग भूधारणा पद्धत, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरलेली आहे ते. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. सरकारने माजी सैनिकांना दिलेल्या जमिनी बऱ्याचदा याच वर्गातल्या असतात, म्हणून 'फौजी माणसाची जमीन आहे' एवढ्यावर इसार देऊ नका.

रानात चुन्याच्या रेषा मारून गुंठा-गुंठा (1089 चौरस फूट) विकतात, तिथे जमीन बिगरशेती झाल्याचा कागद आणि मंजूर रेखांकन (प्लॉटचा मंजूर नकाशा) मागा. समाईक सातबाऱ्यावर नाव चढलं तरी आपला तुकडा नेमका कोणता, हे कुठल्याच सरकारी नकाशात नसतं. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवानगीही अडते.

दस्त नोंदणीचं काम करणारे वकील, पुणे

सुट्टी संपते आणि दस्त राहतो, हे नेहमीचं. घाईने एजंटच्या नावे आम मुखत्यारपत्र (आपल्या वतीने सगळे व्यवहार करायचा अधिकार) कधीच करू नका. दस्तावर सही स्वतः करा आणि निबंधकासमोर (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) कबुली देण्यापुरतं खास मुखत्यारपत्र पत्नीला किंवा भावाला द्या. पोस्टिंगच्या ठिकाणच्या दुय्यम निबंधकाकडून ते प्रमाणित करून घ्या. नुसता नोटरीचा शिक्का चालत नाही, पक्षकार हेलपाटे घालतात ते इथेच. सही झाल्यापासून 4 महिन्यांत दस्त दाखल झाला पाहिजे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटसाठी नोंदणीकृत करारनाम्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्याने मनाई आहे. 'सुट्टी संपायच्या आत निम्मे भरा' म्हणाला, तर उठून या.

निवृत्त ऑनररी कॅप्टन, कोल्हापूर

क्वार्टर आहे, भाडं नाही, म्हणून मोठा हप्ता पेलतो असं वाटतं. पण जवान चाळिशीच्या आसपास घरी येतो. 30 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं : हप्ता साधारण 26,000. शेवटचं मूळ वेतन 40,000 असेल तर मूळ पेन्शन 20,000, वर महागाई भत्ता. हिशेब इथेच फाटतो. कर्जाची मुदत निवृत्तीच्या तारखेआधी संपेल एवढंच कर्ज घ्या, मग घर लहान आलं तरी चालेल. एएफपीपी फंडातून (सैनिकांच्या भविष्य निर्वाह निधीतून) घरासाठी रक्कम काढता येते. ती सुरुवातीच्या भरण्यात घाला, फर्निचरमध्ये नको.

भाडेकरारांचे जाणकार, नाशिक

घर भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याचा करार) नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. ओळखीतल्या माणसाला तोंडी दिलेलं घर सोडवायला सर्वात जड जातं. निवृत्तीनंतर स्वतःला राहायला घर हवं असेल आणि भाडेकरू हलत नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 23 सैनिकांच्या उपयोगी पडतं. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) करायचा. त्या भागात राहण्याजोगं दुसरं घर नाही, असा कमांडिंग ऑफिसरचा दाखला सोबत लागतो. तो युनिट सोडण्याआधीच मागून ठेवा.