ली कीगन : पदक नाही म्हणून छोटा ठरतो का?

सडाफटिंग
आयर्लंडमधल्या मेयो काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) गेलिक फुटबॉलमधला (आयर्लंडचा खेळ, चेंडू हाताने आणि पायाने खेळतात) बचावपटू ली कीगन जानेवारी 2023 मध्ये निवृत्त झाला. 5 ऑलस्टार (वर्षाच्या सर्वोत्तम संघातली निवड), 2016 चा सर्वोत्तम खेळाडू, पण ऑल-आयर्लंडचं, म्हणजे काउंट्यांच्या देशपातळीवरच्या अजिंक्यपदाचं, पदक एकही नाही. तरी माझ्या मते गेलिक फुटबॉलमध्ये या पिढीचा एक नंबरचा बचावपटू हाच. 2016 चा फेरसामना आणि 2017, दोन्ही फायनलमध्ये डब्लिनवर गोल ठोकलाय गड्याने. डब्लिनच्या डायरमुड कॉनलीसारखा आघाडीचा खेळाडू त्याच्यामागे उलटा पळायचा! ज्याला धरायचं त्यालाच धरायला लावायचं, ही खरी करामत.

डब्लिनकर
अर्धीच गोष्ट सांगताय राव. त्या फेरसामन्यात मध्यंतराआधीच ब्लॅक कार्ड (मुद्दाम केलेल्या फाउलची शिक्षा, तेव्हा उरलेल्या सामन्यासाठी बाहेर) घेऊन बाहेर बसला, मेयो 1 गुणाने हरलं. आणि 2017? बरोबरी, भरपाई वेळ, आमचा डीन रॉक फ्री किकला धावतोय आणि या महाशयांनी जर्सीतलं जीपीएस यंत्र उपसून त्याच्या दिशेने भिरकावलं! नेम चुकला, रॉकचा नाही. चेंडू दांडीवरून म्हणजे 1 गुण, 1-17 विरुद्ध 1-16 (आधी गोल, मग गुण; गोलाचे 3 गुण). आमच्या गल्लीत याला रडीचा डाव म्हणायचे.

खोखोवाली
@डब्लिनकर, त्यानंतर लगेच काय झालं तेही सांगा की. मेयोचा गोलकीपर किकआउट (गोलजवळून चेंडू पुन्हा खेळात आणणारी किक) घ्यायला उभा आणि तुमचे लोक मेयोवाल्यांना मिठ्या मारून लोळवतायत. तुमच्या किअरन किल्केनीला ब्लॅक कार्ड मिळालं ना? एकाने केलं की रडीचा डाव आणि पाच जणांनी केलं की डावपेच?

डब्लिनकर
ते समर्थनीय म्हटलेलं नाही मी. पण त्याची किंमत किल्केनीने मोजली. कीगनचं मात्र कौतुकच होतं, 'बघा, जिंकण्यासाठी काहीही!'

सडाफटिंग
पदकाचं म्हणाल तर हा हौशी खेळ आहे. पगार नाही आणि जास्त पैसे देणाऱ्या काउंटीकडे उडी मारायची सोयही नाही. मेयोत जन्मलात तर 1951 च्या शेवटच्या ऑल-आयर्लंड विजयापासूनची वाट तुमच्याही वाट्याला. त्यात समोर लागोपाठ 6 वेळा जिंकलेलं डब्लिन.

तिरकस_त्रिंबक
इथे अडलात. 2021 ला उपांत्य फेरीत मेयोनेच डब्लिनला पाडलं. फायनलला समोर टिरोन होतं, तिथेही हरले. 2012 ला डोनेगलकडून हरले तेव्हाही डब्लिन नव्हतं. दर वेळी डब्लिनची ढाल पुढे करू नका. (मी मेयोवालाच आहे, म्हणून जास्त दुखतं.)

खोखोवाली
पण ते 15 जणांचं अपयश, एका बचावपटूच्या खात्यावर का मांडायचं?

सडाफटिंग
@त्रिंबक, मान्य, 2021 चं उत्तर माझ्याकडे नाही. पण 2022 ला त्याचा क्लब वेस्टपोर्ट पहिल्यांदाच मेयोचा विजेता झाला. आपल्याच गावाचा करंडक हातात घेऊन काही आठवड्यांत गडी थांबला. रिकाम्या हाताने गेला म्हणू नका.

डब्लिनकर
वेस्टपोर्टचं अभिनंदन, मनापासून. जीपीएस मात्र पटत नाही.