मदत हवी आहे: कॅनडातल्या वणव्यांचा धूर, जर्सी सिटी, घरात दम्याचे पेशंट

नमस्कार मंडळी,

बुधवार, ७ जून २०२३, रात्रीचे साडेदहा वाजलेत. आम्ही न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे, जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहतो. क्वेबेकमधल्या वणव्यांचा धूर इकडे उतरलाय हे बातम्यांत पाहिलं असेलच. माझे आई-बाबा गेल्या महिन्यात सांगलीहून आलेत. बाबा ७१ वर्षांचे, जुना दमा. आजची रात्र आणि पुढचे दोन-चार दिवस कसे काढायचे हे विचारायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काल सकाळी वाटलं, शेजारी कुणाचं तरी दूध करपलंय. खिडकी उघडली तर वास बाहेरूनच येत होता, ओल्या लाकडाचा. आज दुपारी दोनला घरात दिवे लावले. आभाळ आधी हळद कालवलेल्या पाण्यासारखं गढूळ झालं, मग नारिंगी. आमच्या गच्चीवरून एरवी मॅनहॅटनच्या इमारती स्वच्छ दिसतात, आज चार घरं सोडून पलीकडचं चर्च दिसेना. न्यूयॉर्कचा एक्यूआय (हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा) संध्याकाळी ५ वाजता ४८४ होता. यांकीजची बेसबॉलची मॅच पुढे ढकलली, ब्रॉडवेवरचे काही प्रयोग रद्द झाले, लाग्वार्डियाची विमानं काही वेळ थांबवली होती.

आणि लोकांचं म्हणाल तर प्रत्येकाची वेगळीच तऱ्हा. गच्चीवर पोरं फोटो काढत होती. कोपऱ्यावर एकजण नेहमीसारखा धावताना दिसला, उघड्या तोंडाने. जेवणाची पार्सलं पोचवणारी मुलं ई-बाईकवर, नाकाला टी-शर्ट गुंडाळून. त्यांना घरी बसायची सोय नाही. खालच्या मजल्यावरच्या फिलिपिनो आजींनी मात्र दार वाजवून कोविडच्या वेळचे दोन एन-९५ मास्क हातात दिले. म्हणाल्या, तुझ्या वडिलांना खोकताना ऐकलं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३२ वर्षं होते. त्यांचं म्हणणं, डिझेलच्या धुरात उभा जन्म गेला, हे लाकडाचं काय करणार? आईचं दुसरंच, आम्ही चुलीपुढे वाढलो. त्यात काकांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "उसाचं पाचट पेटवल्यावर आमच्या अंगणात काजळी पडते, तुम्ही दोन दिवसांत घाबरलात?" त्यावर सगळ्यांचे हसरे चेहरे. बाबांनी ते मला वाचून दाखवलं आणि सकाळी सहाला लिंकन पार्कला फिरायला गेले. परत आले ते जिन्यातच बसले. दोनदा पंप घेतला. रात्री अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली आणि भूक नाही म्हणाले. ते लपवतायत हे मला कळतंय, आणि म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

तर विचारायचं हे की खिडकीतला एसी चालू ठेवावा की बंद? दोन्ही बाजूंच्या घडीच्या प्लास्टिकच्या फटींतून वास आत येतोय. मी ओले टॉवेल कोंबलेत, ते संध्याकाळपर्यंत चहा सांडल्यासारखे झाले. एअर प्युरिफायर तीन दुकानांत मिळाला नाही, ऑनलाइन मागवला तर सोमवारी येईल. पंखा आणि फिल्टर जोडून घरी करतात म्हणे, कुणी केलंय का? आई संध्याकाळी देवापुढे दिवा, उदबत्ती आणि धूप लावते, ते थांबवायला सांगू का? तिला दुखवायचं नाहीये. आणि बाबांना कसं समजावू? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते. आम्ही हे २०१८ च्या नोव्हेंबरात इकडचं पॅराडाइज गाव वणव्यात जळालं तेव्हा जवळजवळ दोन आठवडे काढलं, आणि ९ सप्टेंबर २०२० ला सकाळी दहाला अंधार होता, तेही पाहिलं. त्यामुळे घाबरलात यात चुकीचं काहीच नाही.

एसी चालू ठेवा, पण बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद करा. पुढच्या जाळीमागे छोटी खिट्टी असते, तिथे बघा. बाजूच्या फटींना टॉवेल नको, पुठ्ठा लावून रुंद टेपने चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानात २० इंची चौकोनी पंखा आणि त्याच मापाचा मर्व्ह-१३ (बारीक कण अडवणारा) फिल्टर मिळतो का पाहा. फिल्टर पंख्याच्या मागच्या बाजूला, जिथून तो हवा ओढतो तिथे लावायचा. फिल्टरवरचा बाण पंख्याकडे हवा. कडा टेपने पूर्ण बंद करा. चार फिल्टरचा खोका केला तर फारच उत्तम, पण एकानेही फरक पडतो. पंखा नवा असू द्या आणि झोपताना बंद करा. एकच खोली निवडा, दार लावून बाबांना तिथेच झोपवा.

उदबत्ती आणि धूप थांबवाच. चरचरीत फोडणी आणि तळणही नको, व्हॅक्यूम तर मुळीच नको, बसलेली धूळ पुन्हा उडते. आईंना सांगा, दिव्याच्या जागी चार दिवस फुलं वाहा. माझ्या सासूबाईंनी तेच केलं होतं, पांढरा मोगरा.

प्रतिसाद २

मी अकरा वर्षं दिल्लीत आहे, त्यामुळे काकांच्या मेसेजबद्दल लिहितो. दोन्ही देशांचे आकडे एकास एक लावता येत नाहीत. पीएम २.५, म्हणजे धुरातले अगदी बारीक कण, दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम असले की भारतातला एक्यूआय १०० येतो आणि त्याला 'समाधानकारक' म्हणतात. तेवढ्याच हवेला अमेरिकेत १५० च्या वर आकडा येतो आणि ती 'अपायकारक' ठरते. वर गेल्यावर उलटं होतं, २५० मायक्रोग्रॅमला आपल्याकडे ४०० आणि तुमच्याकडे ३००. म्हणजे तुमच्याकडचे ४८४ हे आमच्या दिवाळीनंतरच्या वाईट दिवसांच्या तोडीचे आहेत, कमी अजिबात नाहीत. आणि आमची सवय झाली म्हणून आमची फुफ्फुसं वाचली असं कुणी समजू नये. माझी मुलगी दर नोव्हेंबरात नेब्युलायझरवर असते.

प्रतिसाद ३

मी डॉक्टर आहे, पण फुफ्फुसांची तज्ज्ञ नाही. उद्या सकाळीच त्यांच्या सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावून रोजचा पंप कोणता, जास्त लागला तर कोणता आणि किती, हे लिहून घ्या. गरजेचा पंप नेहमीपेक्षा जास्त लागत असेल तर इथल्या डॉक्टरला दाखवा. वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा पंपाने उतार पडत नसेल तर वाट न बघता ९११ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीला, फोन करा. प्रवासी विम्याची कागदं दाराजवळ ठेवा. कापडी किंवा सर्जिकल मास्क या धुरात फारसा उपयोगी नाही. एन-९५ नाकावर घट्ट बसवा, पण दम लागलेला असताना जबरदस्ती करू नका, मग बाहेरच पडू नका. तुमच्या नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या गव्हर्नर होकल यांनी १० लाख एन-९५ वाटायचं जाहीर केलंय, ग्रँड सेंट्रल, पेन स्टेशनला मिळतील.

मूळ लेखिका, ८ जून, रात्री

मंडळी, मनापासून आभार. दिल्लीच्या दादांचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. मुलीच्या नेब्युलायझरशी आल्यावर बाबांनी चष्मा काढला आणि काही बोलले नाहीत. मग स्वतःच म्हणाले, पंखा कुठेय, दाखव.

चौथ्या दुकानात दोन फिल्टर मिळाले. मी बाण उलटा धरला होता, तो त्यांनी सुधारला. टेप कापायला कात्री मागितली नाही, वर्कशॉपमध्ये करायचे तशी दातांनी तोडली. कडेने बोट फिरवून हवा कुठे निसटते ते तपासलं, दोन जागी परत चिकटवलं. एसीच्या खिट्टीजवळ आणि फटींनाही त्यांनीच पुठ्ठा लावला. आता खोलीत वास जवळजवळ नाही. सांगलीच्या डॉक्टरांशी बोलणं झालं, पंप सकाळ-संध्याकाळ ठरवून दिलाय. आज गरजेचा पंप एकदाच लागला. फिरायला म्हणून कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घातल्या, खालच्या आजी दारात उभ्या राहून मोजत होत्या.

आईने आज देवापुढे मोगरा ठेवला. इथे मोगरा मिळाला नाही, म्हणजे कुंडीतली दोन पांढरी फुलं.

एक शेवटचा प्रश्न राहिला. आज लावलेला पांढरा फिल्टर एका दिवसात मधोमध करडा झालाय. बाबांनी कडेवर पेनने आजची तारीख घातलीय आणि विचारतायत, किती दिवसांनी बदलायचा? दुसरा एकच शिल्लक आहे.