लाइव्ह आयएसओमधली स्क्वॉशएफएस फाइल ४ जीबीच्या वर गेली, आता काय?

प्रश्न: मंडळी, उबुंटूची लाइव्ह आयएसओ (इन्स्टॉल न करता थेट चालणारी डिस्क इमेज) कस्टमाइझ करतोय, क्रूटमध्ये (म्हणजे त्या इमेजच्या सिस्टिमच्या आत) जाऊन बरंच सॉफ्टवेअर टाकलं आणि आता स्क्वॉशएफएस फाइल (सगळी सिस्टिम दाबून ठेवलेली एकच फाइल) ४ जीबीच्या वर गेलीय, आयएसओ बनवणारं टूल जेनआयएसओइमेज म्हणतंय फाइल फार मोठी आहे आणि घ्यायलाच तयार नाही. ही लिमिट स्क्वॉशएफएसची आहे का?

उत्तर १: नाही हो, स्क्वॉशएफएसला ४ जीबी म्हणजे किस झाड की पत्ती. अडतंय ते आयएसओ ९६६० मध्ये, म्हणजे आयएसओ इमेजच्या फाइल सिस्टिममध्ये, तिथे फाइलची साइझ ३२ बिटमध्ये लिहितात, ४ जीबीच्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. लेव्हल ३ मध्ये मोठी फाइल तुकड्यांत ठेवता येते, तर झॉरिसो (आयएसओ बनवणारं दुसरं टूल) घ्या आणि आयएसओ लेव्हल ३ द्या, झालं काम.

उत्तर २: पण पेनड्राइव्ह फॅट३२ फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करून त्यावर फाइल्स नुसत्या कॉपी करणार असाल तर परत तेच, तिथेही एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते. डीडी कमांडने आख्खी इमेज थेट पेनड्राइव्हवर लिहा, मग हा प्रश्नच येत नाही.

उत्तर ३: आधी फाइल बारीक करून बघा की! ॲप्टची (पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्या टूलची) कॅश साफ करा, जुने कर्नल काढा. कॉम्प्रेशन डिफॉल्ट जीझिप असेल तर जास्त दाबणारं एक्सझेड लावा, स्क्वॉशएफएसचा ब्लॉक साइझ १२८ केबीऐवजी १ एमबी. एक्सझेडने बूट मात्र रेंगाळतं, म्हणून मला तरी झेडएसटीडी हे कॉम्प्रेशनच आवडतं, फाइल थोडी मोठी होते पण उघडायला खूप फास्ट.

प्रश्नकर्ता: झॉरिसोने बनली, धन्यवाद! झेडएसटीडी पण करून बघतो, व्हर्च्युअल मशीनवर आधी.