मांजरासोबतचे जुने पब्लिसिटी फोटो: अस्सल की कॉपी? आणि चिकटलेले सुटे कसे करायचे?

भुसावळकर_७२
राम राम मंडळी. बंद पडलेल्या टॉकीजच्या शोकेसमधले इंग्रजी सिनेमांचे ८×१० इंची काळे-पांढरे, चकचकीत फोटो आहेत. एकात नटीच्या खांद्यावर काळ्या तोंडाचं मांजर, दुसऱ्यात मांडीवर पट्टेवालं. हे दोन्ही त्या काळचे प्रिंट की नंतरच्या कॉप्या? शिवाय तीन फोटो तोंडाला तोंड लावून चिकटलेत, एक काचेला. कोणी म्हणतं पाण्यात टाका, कोणी म्हणतं हेअर ड्रायर लावा.

डार्करूम_जळगाव
ड्रायर अजिबात नको भाऊ. चिकटलेल्यांचं नंतर सांगतो, आधी ओळख.

नटीकडे नाही, मांजराकडे बघा. नटीच्या चेहऱ्यावर निगेटिव्हवरच पेन्सिलीने रिटचिंग व्हायचं, त्यामुळे तिची त्वचा अस्सल प्रिंटमध्येही लोण्यासारखी दिसते. मांजराच्या केसांवर एवढी मेहनत कोण घेणार? १० पट भिंगातून मिशा पाहा. मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंटमध्ये मिशीचा केस सलग दिसतो. फोटोचा फोटो काढून केलेल्या कॉपीत कॉन्ट्रास्ट चढतो, मिशा मध्येच तुटतात किंवा पांढऱ्या झग्यावर विरून जातात. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई, फोटो नव्हे.

शेपटी हललेली असेल तर वाईट वाटून घेऊ नका. दिव्यांच्या उजेडात शटर बऱ्याचदा मंद ठेवावं लागे. नटी श्वास रोखून बसते, मांजर बसत नाही. प्रखर उजेडात मांजराची बाहुली उभ्या रेघेसारखी बारीक होते. नटीवर लख्ख उजेड आणि मांजराची बाहुली वाटोळी असेल, तर मांजर दुसऱ्या फोटोतून कापून बसवलंय का, ही शंका घ्या. पण घाबरलेल्या मांजराचीही बाहुली मोठी होते, म्हणून पंजाखाली कापडाला चुणी आणि सावली आहे का तेही तपासा.

कागदाची मागची बाजू प्लास्टिकसारखी लागली तर तो आरसी पेपर, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला फोटोचा कागद. तो १९७० च्या आसपास रुळला, म्हणजे १९५०-६० चा प्रिंट नव्हे.

धुळे_रीळ
काळं तोंड म्हणजे बहुधा सयामी. ते दिसलं की लोक ‘बेल, बुक अँड कँडल’ (१९५८) हा सिनेमा आणि त्यातली नटी किम नोव्हाक ठरवून मोकळे होतात. तेवढ्यावर जाऊ नका, नटी व्हिव्हियन लीकडेही सयामी मांजरं होती. मागे टाइप केलेली चिठ्ठी डकवलेली असेल तर ती आधी वाचा. खालच्या पांढऱ्या पट्टीत ‘६१/…’ असा नंबर असेल तर तो नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा: पहिले दोन आकडे सालाचे, आधी ‘आर’ असेल तर सिनेमा पुन्हा लावतानाचा. ही संस्था अमेरिकेतल्या थिएटरांना माल पुरवायची, तेव्हा आपल्याकडच्या फोटोवर नंबर नसला म्हणून तो खोटा ठरत नाही.

पट्टेवाल्याला कोणी ‘ऑरेंजी’ म्हणून विकू पाहील. हे मांजर ‘ऱ्हुबार्ब’ (१९५१) आणि ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ (१९६१) मधलं, दोन्हींसाठी प्राण्यांचा पॅट्सी पुरस्कार मिळालेलं. ते नारिंगी होतं, आणि तेव्हाच्या पॅनक्रोमॅटिक (सगळे रंग टिपणाऱ्या) फिल्मवर नारिंगी मध्यम ते फिकट राखाडी येतो. तुमचं मांजर काळपट असेल तर विषय संपला. लाल-नारिंगी काळं पाडायची ती जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म.

भुसावळकर_७२
धन्यवाद. सयामीच्या मिशा सलग आहेत. चिकटलेल्या तिघांपैकी एकाच्या मागे जांभळा शिक्का आहे.

डार्करूम_जळगाव
मग तो गठ्ठा पाण्यात घालू नका, शाई पसरेल. रंगवलेला किंवा बुरशी लागलेला फोटोही कधीच भिजवू नये. बुरशीने जिलेटिन, म्हणजे चित्र धरून ठेवणारा थर, खाल्लेलं असतं, चित्रच सुटून येतं. शिक्केवाला गठ्ठा संवर्धन करणाऱ्याकडेच द्या. काचेवरचा सोडवू नका, काचेसकट स्कॅन करा.

शिक्का नसलेला असा गठ्ठा पुढे निघाला तर: दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. ट्रेमध्ये डिस्टिल्ड पाणी, २० अंशांच्या आत. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच ३० च्या वर असतं. त्यात जिलेटिन फुगून लिबलिबीत होतं आणि बोट लागलं की निघतं. बर्फ ट्रेच्या बाहेर, परातीत ठेवा. अर्धा तास ते तीन-चार तास लागतात. कडा आपोआप सुटू द्या, ओढू नका. चित्र वर करून नायलॉनच्या मच्छरदाणीवर सावलीत वाळवा. चकाकी थोडी जाईल.

तापीकाठ
स्कॅनला ६०० पीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल), १६ बिट ग्रेस्केल: ४८००×६००० पिक्सेल, साधारण ५८ एमबीची टिफ फाइल. डाग असतील तर रंगीतच करा. स्कॅनरचं ‘डस्ट रिमूव्हल’ आणि शार्पनिंग आठवणीने बंद ठेवा. ते मिशांना ओरखडे समजून पुसून टाकतं. ठेवायला पीव्हीसीचे कव्हर नकोत, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. घर धाब्याचं असेल तर आतल्या खोलीत गारवा मिळतो, पण मातीच्या भिंतीला पेटी टेकवू नका, वाळवी येते. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा.